चौदा फावड्यांचा चिखल

मेरिबा गावात त्या दिवशी अठ्ठावन्न माणसं होती. गेल्या आठवड्यापेक्षा सत्तावन्न जास्त.

उल्काने सकाळी सहालाच सभागृहाचं कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या आणि भिंतीकडे पाहिलं. चौदा खिळे, चौदा फावडी. लांब दांड्यांची, प्रत्येकाच्या दांड्यावर तापल्या सळईने डागलेली आडनावाची अक्षरं. चौदाही पात्यांवर एप्रिलचा चिखल वाळून तांबडा झाला होता. तिने एकाचंही पातं पुसलं नाही. ते पुसायचं नसतं.

दीडशे वर्षांपूर्वी चर्चच्या व्यासपीठावरून बावीस कुटुंबांची नावं वाचली गेली. जा, यूटाच्या दक्षिणेला त्या लाल डोंगरांच्या खोऱ्यात शेती करा. ती निघाली. परातीत पाणी भरून, ती डोळ्यांसमोर धरून त्यांनी उतार काढला आणि एका हिवाळ्यात सात मैलांचा पाट हाताने खणला. पाण्याबरोबर पीचच्या बागा आल्या, लसूणघास आला, दुमजली शाळा आली, बँडपथकसुद्धा आलं. एके काळी इथे चारशे माणसं होती. मग रेल्वे डोंगराच्या पलीकडून गेली. पुराने बंधारा तीनदा नेला, दोनदा परत बांधला गेला, तिसऱ्यांदा जेमतेम. शाळा गेली, पोस्ट गेलं. उल्काची मुलगी ज्ञानदा आठ वर्षांची असताना रविवारची प्रार्थनाही खालच्या शहरात हलली. कोणी भांडून गेलं नाही. एकेक जण कॉलेजला, नोकरीला, सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला.

उरला पाट, आणि पाटाचा नियम. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी प्रत्येक घरच्या माणसाने पाटात उतरून गाळ काढायचा आणि आपलं फावडं चिखलासकट खिळ्याला टांगायचं. ज्याच्या फावड्याला चिखल, त्याला जुलैच्या सभेत हात वर करायचा हक्क. लागोपाठ तीन वर्षं फावडं कोरडं राहिलं की नाव गेलं.

साक्री तालुक्यातल्या उल्काला हे कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. तिचे आजोबा पांझरा नदीच्या पाण्यावरच्या फडात पाटकरी होते. कुणाची पाळी कधी, कोणाच्या बांधाला भोक पडलंय, हे त्यांना पोरांच्या वाढदिवसांपेक्षा चांगलं ठाऊक असे. पाटबंधाऱ्यांचं शिकायला म्हणून ती अमेरिकेत, यूटात आली, पाटावरच लॅमार सोरेन्सनला भेटली, आणि लग्नानंतर कोणी विचारलं की ती म्हणायची, ‘‘मी कुठे देश सोडला? आजोबांच्या पाटावरून सासऱ्यांच्या पाटावर आले.’’

लॅमारला जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून पाटकरी तीच, सचिव तीच, आणि गावही तीच.

आज पाट ठेवायचा की बुजवायचा, यावर हात वर व्हायचे होते. बुजवला तर ओढ्याचं पाणी पाइपातून थेट खालच्या शहराला जाणार. मग तिच्या जर्दाळूंना, लसूणघासाला, दफनभूमीतल्या पॉपलरच्या झाडांना पाणी नाही. पाणी नाही म्हणजे मेरिबात राहणंही नाही. तेरा हातांपैकी किती वर होतील, हे तिला साधारण माहीत होतं. त्यातला एक हात तिच्या मुलीचा असेल, हेही.

*

उल्काचे भाऊ मोरेश्वरदादा नेपरव्हिलहून खास बहिणीला न्यायला आले होते. ‘न्यायला’ हा शब्द त्यांनी वापरला नव्हता. ‘थोडे दिवस चल’ म्हणाले होते, पण बेसमेंटला नवं बाथरूम करून घेतलं होतं.

कॉटनवुडच्या झाडांच्या सावलीत जेवणाची टेबलं लागली होती. लहान मुलं आजीच्या आजीसारखे झालर लावलेल्या बॉनेट टोप्या घालून ट्रॅक्टरवरून मिरवून आली होती आणि आता उकाड्याने रडकुंडीला आली होती. चोवीस जुलैला पूर्वजांची आठवण काढायची तर थोडा त्रास हवाच, असं त्यांच्या आयांचं मत असावं.

‘‘हे काय आहे हो?’’ मोरेश्वरांच्या बायकोने, शोभाने, थरथरणाऱ्या हिरव्या जेलीकडे बोट दाखवलं. ‘‘आत गाजर किसलंय.’’

‘‘कोशिंबीर असेल.’’

‘‘गोड आहे.’’

‘‘मग गाजर हलवा समज आणि खा. बघतायत सगळे.’’

समोर डेल येऊन बसला. लॅमारचा थोरला भाऊ, बहात्तर वर्षांचा, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. उल्का त्याला मनात मोठे दीर म्हणायची, आणि तो तिला सिस्टर म्हणायचा, तिने बाप्तिस्मा कधीच घेतला नव्हता तरी. तो बोलायचा इंग्रजीतच. पण या घरात तीस वर्षं इतकी सरमिसळ झाली होती की कोण कुठल्या भाषेत काय म्हणालं, हे नंतर कुणालाच आठवत नसे.

‘‘मिस्टर मोरेश्वर,’’ डेल बटाट्याचा घास बाजूला ठेवत म्हणाला, ‘‘गेल्या जानेवारीत बर्फाने रस्ता नऊ दिवस बंद होता. मी रोज फोन करत होतो. ती म्हणायची, मजेत आहे, पुस्तक वाचतेय.’’

‘‘आम्हालाही तेच सांगितलं. कुठलं पुस्तक विचारलं तर म्हणाली, ट्रॅक्टरचं मॅन्युअल.’’

दोघेही हसले, आणि दोघांनाही वाटलं, हा माणूस बरा आहे. चर्चवाला डेल आणि मंगळवारी उपास करणारे मोरेश्वर. तीस वर्षांत दोन लग्नं, एक बारसं आणि एक अंत्यविधी एवढ्यात दोघांचं जेमतेम दोनशे शब्द बोलणं झालं होतं. आता एका बाईला तिच्या घरातून काढायच्या कामी दोघांची गट्टी जमली.

‘‘तिच्या भल्यासाठीच,’’ डेल म्हणाला.

‘‘ऑफ कोर्स. एकदा पाट बंद झाला की तिला पर्याय नाही. येईल. रडेल, भांडेल, पण येईल.’’

शोभाने जेलीची बशी ठेवली. ‘‘मला एक सांगा. उल्काला कोणी विचारलं का?’’

‘‘विचारलं की. नाही म्हणते.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय मग? एकटी आहे ती, शोभा!’’

‘‘आपल्या बेसमेंटमध्ये काय दुकटी होणार आहे? तुम्ही वर टीव्ही बघणार, मी खाली वॉशिंग मशीन लावणार. सकाळी ‘चहा घे गं’ आणि संध्याकाळी ‘जेवलीस का’.’’ तिने बशी आणखी लांब सारली. ‘‘कालपर्यंत मलाही वाटत होतं, न्यावं. पण आज सकाळी ती पाटाच्या कडेने चालली होती, मी मागे होते. पाण्याशी बोलत होती. वेड्यासारखी नाही हो. हिशेबाने. ‘तिकडे नको, इकडे ये’ असं. माझ्याशी दोन दिवसांत इतकं बोलली नाहीये.’’

मोरेश्वरांनी जेलीचा मोठा घास घेतला.

*

ज्ञानदा सभागृहात गेली ती फोनला चार्जिंग मिळतंय का बघायला. अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या ऑफिसच्या टीमने सुट्टीच्या दिवशीही तिला नऊ मेसेज टाकले होते.

तिचं फावडं भिंतीवर डावीकडून दुसरं. दांड्यावर तिच्या पणजीची अक्षरं. बाबांकडे पाटाचे दोन वाटे होते. त्यातला आजीकडून आलेला त्यांनी जायच्या आधी तिच्या नावावर केला. डेलकाकाला तिने परवा फोनवर शब्द दिला होता. हो काका, मी बंद करायच्या बाजूने. आईला कोणीतरी सोडवायला हवं.

प्लग शोधता शोधता तिने पात्यावर नख फिरवलं. चिखलाचा पापुद्रा निघाला.

ती चार वर्षांत एकदाही एप्रिलमध्ये आली नव्हती.

तिने शेजारचं पाहिलं, त्याच्या शेजारचं पाहिलं. मग ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. चौदाही पात्यांवर चिखल सारख्याच उंचीपर्यंत होता, आणि प्रत्येकाच्या दांड्यावर, अगदी त्याच जागी, एका लहान हाताच्या मुठीचा मातकट डाग.

‘‘आई!’’

उल्का पाण्याचा जग घेऊन आत आली आणि मुलीचं तोंड बघून तिने जग खाली ठेवला.

‘‘माझ्या फावड्याला चिखल कसा?’’

‘‘हळू बोल.’’

‘‘आई, आय वॉज इन अल्फारेटा. दर एप्रिलला. हे सगळं तू करतेस? चौदा?’’

‘‘बाबा असताना दोघं करायचो.’’ उल्का बाकावर बसली. ‘‘पहिल्या वर्षी डेलकाकाची पाठ धरली होती. हॅन्सनांकडे लग्न होतं. म्हटलं एक वर्ष सांभाळून घेऊ. बाबांनी त्यांची फावडी घेतली आणि प्रत्येक फावड्याने चार-चार हात गाळ काढला. खोटं नको ना. नुसता चिखल नाही फासला कधी. ज्याचं फावडं, त्याच्या वाट्याचा तुकडा मी त्याच फावड्याने साफ करते.’’

‘‘सात मैल?’’

‘‘पाच दिवस लागतात. सहा. गेल्या वर्षी आठ लागले.’’

ज्ञानदाला हसू आलं आणि ते मधेच कुठेतरी बिघडलं. ‘‘पण का?’’

‘‘नाव गेलं की माणूस येत नाही, बाळा. आता निदान जुलैत येतात. बटाटे आणतात, ती जेली आणतात, पोरांना फावडं दाखवतात. ‘बघ, आपलं.’ वर्षातून एकदा का होईना, गाव दिसतं मला.’’

‘‘आणि ती सगळी नावं तू जिवंत ठेवलीस, म्हणून आज ती तुझ्याविरुद्ध हात वर करणार. यू सी दॅट, राइट?’’

‘‘मी इंजिनीयर आहे. मला बेरीज येते.’’

‘‘मग सांग ना त्यांना! नियमाने एकालाही हक्क नाही. मलासुद्धा नाही.’’

‘‘नाही सांगायचं.’’ उल्काचा आवाज एकदम पाटकऱ्याचा झाला. ‘‘पोराबाळांसमोर लाज जाईल त्यांची.’’

‘‘त्यांची की तुझी?’’

उल्काने जग उचलला. दारात थांबून म्हणाली, ‘‘तू डेलकाकाला शब्द दिलायस ना? मग कर हात वर. मी रागावणार नाही. पण हे बोलू नकोस.’’

*

डेलला नियम आवडत. त्याच्या पणजोबांनी ते लिहिले होते आणि तो ते न अडखळता म्हणू शकत असे.

अडीच वाजता सगळे बाकांवर बसले. पंखा फिरत होता, तान्ही मुलं झोपली होती. डेलने प्रार्थना केली, बावीस कुटुंबांची नावं घेतली, लॅमारचं नाव घेताना चष्मा काढला. मग तो रीतीप्रमाणे भिंतीशी गेला आणि एकेका पात्याला हात लावत पुढे सरकला. ओलं होतं. ओलं होतं. ओलं होतं. असंच म्हणायचं असतं, वाळलेलं असलं तरी.

स्वतःच्या फावड्यापाशी तो क्षणभर रेंगाळला. पाठीच्या ऑपरेशननंतर त्याने नऊ वर्षांत फावडं धरलं नव्हतं. दर जुलैला चिखल दिसला की तो मनात म्हणायचा, पोरगा येऊन गेलेला दिसतोय, बोलला नाही मला. विचारायचं मात्र त्याने टाळलं होतं. काही गोष्टी विचारल्या नाहीत की चांगल्या राहतात.

‘‘चौदा फावडी, चौदा हक्क,’’ तो म्हणाला. ‘‘पाट बंद करून पाणी पाइपात द्यावं, असं ज्यांना वाटतं...’’

‘‘डेलकाका.’’

ज्ञानदा उभी होती. तिच्या आईने मान खाली घातली.

‘‘माझ्या फावड्यावरचा चिखल माझा नाही. मी चार वर्षांत पाटात उतरले नाहीये. मला हात वर करता येणार नाही.’’

डेलला वाटलं, पोरगी घाबरली, शब्द फिरवतेय. ‘‘मग कुणाचा आहे?’’

तिने फक्त आईकडे पाहिलं. मग डेलने पाहिलं, मग हॅन्सनांच्या सुनेने, मग सगळ्यांनी. उल्काने मांडीवरचे हात ओढणीखाली घेतले, पण उशीर झाला होता. बोटांच्या मुळांशी पिवळे पडलेले घट्टे पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसत होते.

‘‘आपल्या घरचं फावडं तू धरत होतास ना?’’ डेलने मुलाला विचारलं.

‘‘मला वाटलं तुम्ही कोणाला तरी पाठवता, डॅड.’’

मागच्या बाकावर हॅन्सन आपल्या भावाला काहीतरी विचारत होता, भाऊ बायकोकडे बघत होता. त्या खोलीत दर घरात हेच घडलं होतं. प्रत्येकाला वाटलं होतं, आपल्यातला दुसरा कोणीतरी जातोय.

डेल टेबलाशी परत आला. त्याला पाणी हवं होतं आणि जग उल्कापाशी होता. वाकडी वाट काढणं त्याला जमणारं नव्हतं. नियम म्हणजे नियम, आपल्यावर उलटला तरी.

‘‘मग आज हक्क एकच आहे,’’ तो म्हणाला. ‘‘बंद करावा असं ज्यांना वाटतं?’’

सत्तावन्न माणसं. एकही हात नाही. कोपऱ्यात मोरेश्वरांचा हात सवयीने जरासा उचलला गेला, तो शोभाने धरून खाली केला. ‘‘तुमचं काय मधेच?’’

‘‘ठेवावा असं ज्यांना वाटतं?’’

उल्का बराच वेळ बसून राहिली. डेलला वाटलं, नाही करणार ती. कुणीतरी खोकलं. मग तिने हात वर केला, खांद्याच्या थोडा वर, शाळेत उत्तराची खात्री नसलेल्या मुलीसारखा. एवढ्या माणसांत एकच हात. डेलला तो बघवेना.

‘‘एक विरुद्ध शून्य,’’ तो म्हणाला. ‘‘पाट राहील.’’

टाळ्या वाजल्या नाहीत.

*

सगळ्यात आधी हॅन्सनांची सून उठली. तिने भिंतीवरून आपल्या घरचं फावडं काढलं, फार हळुवार. ‘‘आम्ही घेऊन जातो,’’ ती उल्काला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ‘‘तुम्हाला पुन्हा त्रास नको. हॉलमध्ये लावू, मुलांना दिसेल असं.’’

‘‘अहो, राहू दे की...’’ उल्का म्हणाली.

पण एकाचं बघून दुसऱ्याने काढलं. कोणी मिठी मारली, कोणी सॉरी म्हणालं, कोणी उरलेले बटाटे तिच्या फ्रीजमध्ये ठेवून गेलं. फावडी गाड्यांत आडवी मावत नव्हती. खिडक्यांतून दांडे बाहेर काढून एकेक गाडी धुरळा उडवत खाली गेली. डेल सर्वांत शेवटी. त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला, घट्टे वर येतील असा.

‘‘सिस्टर, मला माहीत असायला हवं होतं.’’

‘‘पुढच्या जुलैत याल ना?’’

‘‘बघू,’’ तो म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्याने ते लगेच कळलं.

मोरेश्वर आणि शोभाचं विमान सॉल्ट लेकहून होतं आणि ज्ञानदा त्यांना सोडून पुढे अटलांटाचं पकडणार होती. दादा गाडीत बसून मग पुन्हा उतरले. ‘‘बाथरूम तसंच राहील हो,’’ म्हणाले. शोभावहिनींनी भाकरवडीची दोन पाकिटं हातात कोंबली आणि कानाशी म्हणाल्या, ‘‘मी येईन गं हिवाळ्यात. यांना न सांगता.’’

ज्ञानदा आईच्या गळ्यात पडली नाही. ‘‘रागावलीस?’’

‘‘सांगितलं होतं, बोलू नकोस.’’

‘‘आय नो.’’

‘‘जेवून घे वाटेत कुठेतरी. नुसती कॉफी नको.’’

साडेचारला मेरिबात एक माणूस होतं.

उल्का सभागृह झाडायला गेली. भिंतीवर बारा खिळे मोकळे होते, आणि प्रत्येकाखाली फावड्याच्या आकाराची, उन्हाने रंग न उडालेली एकेक ताजी जागा. दोन फावडी उरली होती. एक तिचं. दुसरं तिने आधी ओळखलंच नाही, कारण ते इतकं स्वच्छ तिने कधी पाहिलं नव्हतं. धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून टांगलेलं. दांड्यावरचा मुठीचा डागसुद्धा घासून काढला होता. फोन वाजला तो तेव्हाच. गाडी अजून रेंजमध्ये होती.

*आई, माझं फावडं मी धुतलंय. हात लावू नकोस त्याला. नाव जायला तीन वर्षं लागतात.*

तिने ते दोनदा वाचलं. मग त्याखाली आणखी एक ओळ आली. *फर्स्ट सॅटर्डे ऑफ एप्रिल कधी येतो, कॅलेंडरला टाकते. प्रॉमिस नाही हं.*

पाच वाजता तिची पाळी संपत होती. ती पाटावर गेली आणि आपल्या शेतात पाणी सोडणारं फळीचं दार पाडलं. पुढची पाळी हॅन्सनांची. दीडशे वर्षांचा रिवाज असा की पाळी संपली की आपण शेजाऱ्याच्या दारात जाऊन सांगायचं. ती गेली. घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. पायरीवर सकाळच्या मुलांपैकी कुणाचं तरी बॉनेट राहिलं होतं.

‘‘पाणी तुमचं,’’ उल्का म्हणाली.

थोडा वेळ वाट पाहिली, पुरेशी. मग स्वतःच खाली उतरून हॅन्सनांचं दार उचललं, आणि त्यांच्या रिकाम्या शेतात पाणी शिरताना ते कुठे फुटतंय का, ते बघत उभी राहिली.